वरमालेचं रेझिन: आधी फुलं वाळवायला शिका

लग्नातली वरमाला रेझिनमध्ये, म्हणजे हार्डनर मिसळलं की घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, जपून द्यायचं काम कोल्हापुरात आता बऱ्याच घरांतून चालतं. मागणी खरी आहे आणि काम सुंदर आहे. पण सुरुवात करताना क्रम उलटा होतो. दोन दिवसांचा कोर्स, लगेच पाच किलो रेझिन, डझनभर मोल्ड, इन्स्टाग्रामवर पेज आणि पुढच्या आठवड्यात पहिली ऑर्डर. माझं मत स्पष्ट आहे. पहिले दोन महिने रेझिन विकत घेऊच नका. त्या पैशांतून ओलावा शोषणारी सिलिका जेल घ्या, अंबाबाईच्या देवळाच्या परिसरातून हार आणा आणि फक्त फुलं वाळवा. रेझिनचा एखादा तुकडा बिघडला तर दुसरा ओतता येतो. लग्नातली माळ दुसरी मिळत नाही.

सिलिका जेल बारीक वाळूसारखी घ्यायची. मोठ्या मण्यांचे खड्डे पाकळ्यांवर उमटतात. ओलावा शोषला की रंग बदलणारी घेणार असाल तर नारिंगी घ्या. निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरलेलं असतं, ते घरात नको. माळेतली निवडक 25-30 फुलं बुजवायला साधारण 3 ते 4 किलो लागते. डब्यात खाली दोन बोटं थर, त्यावर फूल तोंड वर करून, मग चमच्याने हळूहळू पाकळ्यांच्या मधे भरत जायचं. वरून एकदम ओतलं की फूल चेपतं. ही पूड उडते, म्हणून मास्क लावा. गुलाबाला 5 ते 7 दिवस लागतात, भरगच्च असेल तर जास्त. शेवंती गुणी फूल आहे, आकार धरते. झेंडूच्या हिरव्या बुडात पाणी साठलेलं असतं, तिथे तो बाहेरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला असतो. बूड कापून काढा किंवा पाकळ्या सुट्ट्या वाळवा. निशिगंध आणि मोगरा तपकिरी पडतातच, पांढरा रंग टिकवून देतो असं कुणालाही सांगू नका. लाल गुलाब काळपट मरून रंगाचा होतो. गुलाबी बऱ्यापैकी टिकतो.

फूल वाळलं की नाही हे हाताला कळतं असं सगळे म्हणतात. मी वजनकाट्यावर विश्वास ठेवा म्हणेन. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, रोज तेच फूल तोला. लागोपाठ दोन दिवस वजन हललं नाही की वाळलं. एवढा काटेकोरपणा हवा, कारण फुलात राहिलेलं पाणी पुढे सगळं बिघडवतं: पाकळीभोवती पांढुरका ढग, बारीक बुडबुड्यांची रांग आणि मग हळूहळू तपकिरी होत जाणारं फूल. ग्राहकाकडे तुकडा जाताना तो छान दिसत असतो. तक्रार नंतर येते.

माळ येतानाच अर्धं काम बिघडू शकतं, म्हणून ऑर्डर घेताना घरच्यांना सांगून ठेवा. लग्न झाल्यावर माळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची नाही, आत घाम धरतो आणि फुलं कुजतात. पाणी शिंपडायचं नाही. वर्तमानपत्रात सैल गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही. एक-दोन दिवसांत तुमच्याकडे पोचली पाहिजे. आली की आधी फोटो, मग डब्यावर नाव आणि लग्नाची तारीख. सीझनमध्ये चार माळा एकदम आल्या तर गुलाब गुलाबासारखाच दिसतो, आणि एकीची फुलं दुसरीच्या तुकड्यात गेली तर भरपाई करायला काहीच उरत नाही. वाळलेल्यातली पाव फुलं राखीव ठेवा. सगळी एकाच तुकड्यात ओतू नका.

आता रेझिन. कोटिंगचं (वरून पातळ थर द्यायचं) आणि कास्टिंगचं (साच्यात जाड ओतायचं) रेझिन वेगळं असतं. कोटिंगचं रेझिन जाड ओतलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, कधी तडकतं, धूरसुद्धा येतो, आणि आतली फुलं करपतात. तुकड्यासाठी कास्टिंगचंच घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या जाडीपेक्षा एका वेळी जास्त ओतू नका. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण 2:1 असेल तर ते वजनाने की मापाने हे वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे दोन्हींचा हिशेब सारखा येत नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवलं तर तुकडा चिकटच राहतो. कपाच्या कडा आणि तळ खरवडत 4-5 मिनिटं सावकाश ढवळा, मग दुसऱ्या कोऱ्या कपात ओतून परत ढवळा.

किती लागेल? 8 इंची गोल, 1 इंच जाड: त्रिज्या 10 सेंमी धरली तर 314 गुणिले 2.5, म्हणजे 785 मिली, वजनात साधारण 860 ग्रॅम. फुलांनी अडवलेली जागा वजा होते, पण कपात चिकटून जातं तेवढं धराच. ओतण्याआधी टेबलावर पाणसळ लावून बघा. फुलांना आधी ब्रशने रेझिनचा पातळ हात द्या, म्हणजे पाकळ्यांतली हवा नंतर वर येत नाही. पहिला थर पातळ ठेवा, नाहीतर वाळलेलं फूल तरंगून वर येतं.

आपल्याकडची खरी अडचण पावसाळा आहे. मे महिन्यातल्या मुहूर्तांच्या माळा वाळून तयार होतात तोवर मृग लागतो, आणि पुढे जुलै-ऑगस्टमध्ये घरातली हवासुद्धा दमट असते. अशा हवेत रेझिनवर मेणचट, धुरकट साय धरते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. आकडा 70 टक्क्यांच्या वर असेल तर ओतू नका, किंवा खोली बंद करून, हवेतला ओलावा ओढणारा डीह्युमिडिफायर लावून काम करा. वाळलेली फुलं हवाबंद डब्यात, सिलिकाच्या पुड्यांसोबत, अंधारात ठेवली तर थांबता येतं. ग्राहकाला आधीच सांगा की मे-जूनच्या माळेला जास्त वेळ लागेल. घाई करून दिलेला धुरकट तुकडा घेऊन कुणी खूश होत नाही.

स्वयंपाकघरात हे काम करायचं नाही. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर दार बंद होणारी, बाहेर हवा जाणारी वेगळी खोली नसताना सुरूच करू नका. नायट्राइलचे हातमोजे, आणि वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही. रेझिनची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही, आणि मग धंदाच बंद करावा लागतो. हाताला लागलं तर साबणाने धुवा, थिनरने नाही. उरलेलं मोरीत ओतायचं नाही, घट्ट झाल्यावर कचऱ्यात.

तुकडा मोल्डमधून काढला तरी आठवडाभर थांबून मगच पॅक करा, आणि आधी बटर पेपर, मग बबल रॅप. थेट बबल रॅप लावला तर ताज्या रेझिनवर त्याचे गोल ठसे उमटतात. लाकडी किंवा लोखंडी स्टँड उद्यमनगरात करून घेता येतात, ऑनलाइन मागवायची गरज नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

जाहिरातीत “कायमस्वरूपी” लिहू नका. प्रत्येक रेझिन कधीतरी पिवळसर होतं, उन्हात लवकर. रंग बदलेल, थेट ऊन नको, तयार व्हायला सहा ते आठ आठवडे, ओतण्याआधी मांडणीचा फोटो मंजूर करायचा आणि निम्मी रक्कम विसार म्हणून, हे सगळं मेसेजमध्ये लिहून घ्या.

आणि दर. वरच्याच 8 इंची तुकड्याचा हिशेब धरू: रेझिन 800 रुपये, सिलिका-हातमोजे-ब्रश 150, स्टँड आणि नावाची अक्षरं 250, पॅकिंग 150. झाले 1350. बिघाडासाठी दहा टक्के, म्हणजे 1485. आठ तासांची मजुरी 100 रुपयांनी 800. एकूण 2285, नफा अजून धरलेला नाही. हाच तुकडा 1500 ला देणारीच्या हातात 15 रुपये उरतात. घरातून चालतं म्हणून मजुरी धरायची नाही, ही सवय बाईच्या कामाची किंमत शून्य करते आणि शेजारच्या गल्लीत नीट काम करणारीचाही दर पाडते. ग्राहकाचं बजेट कमी असेल तर दर उतरवू नका, आकार उतरवा. 4 इंची चौकोनी, 1 इंच जाड ठोकळ्याला 250 मिलीच्या आसपास रेझिन लागतं, त्यात तीन-चार चांगली फुलं बसतात.