ज्युलिएट आईशी खोटं बोलतच नाही

तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’वरच्या लेखात मी शब्दांचा नुसता कीस पाडला, शेक्सपिअरने श्लेष पेरले ते पिटातल्या प्रेक्षकांना हसवायला, त्यात खोल अर्थ कसला शोधता, असं तुमचं म्हणणं. पहिल्या अंकापुरतं चालेल. कॅप्युलेटांच्या, म्हणजे ज्युलिएटच्या घरच्या, नोकरांची ती कोटीबाजी आज वाचवत नाही. रोझलिनसाठी झुरणाऱ्या रोमिओची भाषाही उसनीच: शिशाचं पीस, थंड आग, जागी झोप. पण ती तशी मुद्दाम आहे, तो अजून खऱ्या प्रेमात पडलेलाच नाही.

आता तिसऱ्या अंकाचा पाचवा प्रवेश काढा. ज्युलिएटने चोरून लग्न केलेला रोमिओ नुकताच तिच्या खिडकीतून उतरून हद्दपारीसाठी मांटुआ शहराच्या वाटेला लागलाय. आई आत येते. तिला वाटतं, पोरगी रोमिओच्या हातून मेलेल्या मामेभावासाठी, टिबल्टसाठी रडतेय. मग ती रोमिओला विष घालायचा बेत सांगू लागते. ज्युलिएट म्हणते, रोमिओला पाहीपर्यंत माझं समाधान व्हायचं नाही. आणि ‘मेलेला’ हा शब्द ती वाक्यात अशा जागी ठेवते की मागे जोडला तर रोमिओ मेलेला, पुढे जोडला तर तिचं काळीज. आई मागचा अर्थ घेते, आपण पुढचा. लगेच ज्युलिएट म्हणते, विष आणणारा कुणी मिळाला तर ते मीच ‘टेंपर’ करीन. त्या काळी या शब्दाचा अर्थ कालवणं असाही होता आणि सौम्य करणं असाही. चौदावं पुरं न झालेली मुलगी, नवऱ्याचं नाव उघड घेण्याची सोय नाही, आणि तरी या ओळींत एक अक्षर खोटं बोलत नाही. श्लेष काढून टाका, तिला एकतर खोटं बोलावं लागेल नाहीतर पकडली जाईल. याला पोरखेळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रोमिओचा मित्र मर्क्युशिओ, त्याचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. तलवार लागल्यावर तो म्हणतो, उद्या माझी चौकशी करा, मी ‘ग्रेव्ह’ माणूस झालेला असेन. गंभीरही आणि थडग्यातलाही. जखम फार नसेल, असं रोमिओ नुकताच म्हणालेला असतो; हा थट्टेतच खरं सांगतो.

एका जागी मात्र तुमच्याशी वाद नाही. रोमिओ मेला अशी समजूत झाल्यावर ज्युलिएट ‘आय’ या एका उच्चारावर होय, मी आणि डोळा अशी कसरत करते. तिथे मलाही अवघडायला होतं. प्रयोगात त्या ओळी गाळल्या तर मी तक्रार करणार नाही.