दाब, धर, सोड

गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं गाडी बनवायचं खूळ माझ्या डोक्यात नक्की कधी शिरलं ते आठवत नाही, पण ते बाहेर काढायचा प्रयत्न घरच्यांनी केला नाही असं मात्र कुणी म्हणू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, किट कार म्हणजे काय तर तुम्हाला चासी म्हणजे गाडीचा सांगाडा येतो, फायबरची बॉडी येते आणि खोकी येतात. भरपूर खोकी. बाकी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक वगैरे एखाद्या जुन्या गाडीतून काढून घ्यायचं, आणि त्या जुन्या गाडीला म्हणतात डोनर. म्हणजे सरळसरळ अवयवदानच, फक्त इथं सर्जनला अनुभव शून्य आणि पेशंट अजून जन्माला यायचाय.

बायकोला पटवताना मी तिला लोटस सेव्हनची गोष्ट सांगितली होती. १९५७ ची गाडी, लोटस कंपनीवाल्या कॉलिन चॅपमनची. त्या काळात ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांत घेतली तर वाचायचा, म्हणून लोक किट घ्यायचे. आणि किस्सा असा सांगतात की सोबत जोडणीच्या सूचना द्यायला नियमात बंदी होती, तर यांनी गाडी सुटी कशी करायची त्याच्या सूचना दिल्या, लोकांनी त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! मला हे भयंकर आवडलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे तेव्हापासूनच सगळं उलटं आहे." या वाक्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

डोनर सोडवायला मला दोन आठवडे लागले, आणि सांगायला हरकत नाही, ते काम मी फार शिस्तीत केलं. प्रत्येक पार्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव, पुढे डावं की उजवं, फोटो काढलेले, फडताळावर ओळीनं रचलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते फडताळ दाखवायचो. गाडी बघायला आलेल्या माणसाला दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच म्हणा.

मधले सात-आठ महिने सोडून देतो. गंज, ड्रिल, बोटं, दहा नंबरचा पाना, सगळं झालं. मुद्द्यावर येतो, ब्रेक ब्लीडिंग.

तर ब्रेकच्या पाइपात फ्लुइड असतं. पेडल दाबलं की फ्लुइड ढकललं जातं आणि तिकडे चाकाशी कॅलिपर नावाचा चिमटा पॅड डिस्कवर आवळतो, कारण द्रव काही दाबला जात नाही. हवा मात्र मस्त दाबली जाते, म्हणून पाइपात हवा राहिली की पेडल उशीत पाय घातल्यासारखं खाली जातं आणि गाडी आपली चालूच राहते. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी आडवा. चाकाशी आडवा मी. पेडलवर बायको, सीट अजून बसवलं नव्हतं म्हणून उलट्या बादलीवर.

पद्धत सोपी आहे. मी "दाब" म्हटलं की तिनं दाबायचं, "धर" म्हटलं की दाबून धरायचं, मग मी कॅलिपरचा निप्पल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, अर्धा फेरा सैल करणार, नळीतून बुडबुडे येणार, मी निप्पल परत आवळणार आणि मग "सोड". निप्पल आवळायच्या आधी पाय उचलला तर बाहेर गेलेली हवा तिथूनच परत आत येते. एवढंच. लग्नाला सोळा वर्षं झालेल्या दोन माणसांना तीन शब्द पाळता येऊ नयेत?

"दाब."
"दाबलं."
"धर."
"धरलंय."
"... धरलंयस ना?"
"सोडलं आत्ता."
"का??"
"तू 'ना' म्हणालास, मला 'हां' ऐकू आलं."

मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलपाशी फ्लुइड ढकलणाऱ्या नळकांड्यापासून, सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणून मागची दोन चाकं पहिल्या रात्री झाली. पुढच्या डाव्या चाकावर आम्ही बोलेनासे झालो. म्हणजे दाब-धर-सोड सोडून. त्यात माझं लक्ष बुडबुड्यांकडे असताना वरची फ्लुइडची टाकी रिकामी झाली आणि तिकडून हवा आत गेली, म्हणजे परत पहिल्यापासून मागचं चाक, आणि हे मी तिला ज्या आवाजात सांगितलं तो बहुतेक चुकीचा होता. शिवाय ते फ्लुइड रंगाचं वैरी असतं. नव्याकोऱ्या मडगार्डवर चार थेंब पडले, मी पुसेपर्यंत रंगाला सुरकुत्या. उरलेली बाटली उघडी ठेवायची सोय नाही, हवेतली ओल पिते आणि मग ब्रेक तापले की ते फ्लुइड लवकर उकळतं, म्हणून दर वेळी नवी बाटली.

दुसऱ्या रात्री बुडबुडे यायचे थांबले. स्वच्छ, एकसंध धार. मी आनंदानं ओरडलो. पेडल दाबून बघितलं तर तसंच, मऊ. मास्टर सिलिंडरवर संशय घेतला, पाइपावर घेतला, होसवर घेतला, आणि शेवटी तिच्या पायावर घेतला.

तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "ऊठ. आज तू बादलीवर बस."

मी बसलो. ती चाकाशी आडवी झाली, टॉर्च लावला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मी आपला पाय तयार ठेवून बसलेलो, दाब म्हणेल म्हणून.

"अरे, हवा वरच जाते ना?"
"हो, म्हणजे काय."
"मग हवा काढायचा निप्पल खाली का आहे?"

मी उतरलो आणि बघितलं. निप्पल खाली होता. दुसऱ्या बाजूला गेलो, तिथंही खाली. म्हणजे डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे, दोन्ही छान घट्ट बसलेले, आणि हवा त्यांच्यात वरच्या बाजूला दोन रात्री आरामात बसून आमचं भांडण ऐकत होती.

पण पिशव्यांवर तर मी लिहिलं होतं! रिकाम्या पिशव्या काढल्या. डावं. उजवं. अक्षर माझंच. मग फोटो उघडले आणि अंगावर काटाच आला. सगळे फोटो गाडीच्या समोरून काढलेले. गाडीचं डावं-उजवं ड्रायव्हरच्या बाजूनं मोजतात आणि मी पूर्ण वेळ तिच्या तोंडासमोर उभा राहून माझं डावं-उजवं लिहीत होतो.

कॅलिपर बदलले. तिच्या हाताखाली, अर्ध्या तासात हवा निघाली. पेडल असं दगडासारखं लागलं की आम्ही दोघं आळीपाळीनं नुसतं दाबत बसलो. हसलोही. मग ती हात पुसत फडताळापाशी गेली.

"तू फक्त ब्रेकवरच लिहिलं होतंस ना रे डावं-उजवं?"

मी काही बोललो नाही. तिनं पिशव्या मोजल्या. 'डावं' लिहिलेल्या अकरा निघाल्या, त्यातल्या सात रिकाम्या होत्या.