पैसे घेण्याआधी एवढं सांगा

दिवाळीच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. शाळेत आम्हाला मराठी शिकवायच्या त्या बाई. यंदा एका दिवाळी अंकात त्यांचा लेख आलाय, त्यांच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांवर. निवृत्तीनंतर छापून आलेला पहिलाच लेख. "वाचलास का गं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज रात्री वाचते आणि उद्या सकाळी फोन करते.

मला दिसत नाही, हे इथे बहुतेकांना माहीत आहे. फोनवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, या दोन स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोरावर माझी बँकेतली नोकरी चालते आणि वाचनही. अंकाची डिजिटल आवृत्ती दीडशे रुपयांना होती. जेवणं आटोपल्यावर विकत घ्यायला बसले.

ॲपमध्ये अंकाचं नाव सापडलं. त्यापुढे बोट सरकवलं तर टॉकबॅक म्हणाला, "अनलेबल्ड, बटन." पुन्हा सरकवलं, पुन्हा तेच. अशी चार बटणं. त्यातलं एक 'विकत घ्या' असणार. बटणावर छोटं चित्र असतं, डोळ्यांना ते कळतं. पण ॲप करणाऱ्याने त्या चित्रामागे दोन शब्द लिहून ठेवले नाहीत, तर स्क्रीन रीडरला बोलायला काही उरत नाही. चारही दाबून पाहिली. पुढे चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा आला आणि त्याला आवाजाचा पर्याय नव्हता, म्हणून पुतण्याला हाक मारली. मग कार्डाचा नंबर, मग ओटीपी. मेसेज ऐकून परत येईस्तोवर फोकस, म्हणजे टॉकबॅक जिथून वाचतो ती जागा, पानाच्या अगदी वर गेलेला. तिथून एकेक ओळ ऐकत खाली रकान्यापर्यंत यायचं, तोवर वेळ संपलेली. दुसऱ्या खेपेला जमलं. पैसे गेले, अंक आला.

अंक उघडला. "पान एक, इमेज." पुढे गेले. "पान दोन, इमेज." बाईंचा लेख शंभराच्या पुढे होता. तिथेही तेच. सगळा अंक म्हणजे पानांचे फोटो होते.

सकाळी बाईंना खरं ते सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. "थांब, माझ्याकडे टाइप केलेली फाइल आहे," म्हणाल्या आणि नातीकडून पाठवून दिली. वर्डची फाइल, म्हणजे आता नक्की वाचता येणार. एनव्हीडीएने वाचायला सुरुवात केली, तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याचं चिन्ह, परत अक्षरं. अर्थ लागेल असा एक शब्द नाही. शेवटी बाईंनी फोनवर चाळीस मिनिटं लेख वाचून दाखवला. मध्येच एक ओवी आली, दळण सरत नाही अशा अर्थाची. ती मला पुन्हा ऐकायची होती. पण बाईंचा आवाज थकलेला कळत होता, मी थांबवलं नाही.

हे का होतं ते नीट सांगते, कारण मराठीतल्या कितीतरी ई-पुस्तकांचा आजार हाच आहे आणि तो बरा होणारा आहे.

पानांचे फोटो असले तर त्यात मजकूर नसतोच, नुसती शाई असते. बाईंच्या फाइलचं दुखणं वेगळं. आपल्याकडे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचे, जुने फॉन्ट वर्षानुवर्षं चालले आणि अजून चालतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: कुठे काना, कुठे अर्धा य, कुठे मात्रा. कागदावर सुंदर मराठी उमटतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच राहतात. तुम्ही आकार बघता, माझा स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. देवनागरी त्यात 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज 2000 पासून साध्या कॉम्प्युटरवर चालते आहे. तरीही जुन्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी करून तीच पीडीएफ 'ई-बुक' म्हणून विकली जाते. काही वेळा फॉन्ट युनिकोड असतो, पण पीडीएफ करताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते आणि शब्द मोडतो.

चांगलं बनवलेलं पुस्तक कसं असतं, तेही मला माहीत आहे. युनिकोडमधला ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार), प्रकरणांना खऱ्याखुऱ्या मथळ्याच्या खुणा, चित्रांखाली वर्णन आणि पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण नोंद इंग्रजी असेल तर कधी इंग्रजी आवाज देवनागरी गिळून टाकतो. हिंदी आवाजात मराठी ऐकलंत तर 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन्ही च सारखे होतात आणि ळ भलतीकडेच जातो. मराठी आवाजात नीट वाचलं जाणारं पुस्तक हाती आलं की मी बसच्या प्रवासात तीस-चाळीस पानं सहज संपवते.

म्हणून माझं मागणं एकच आहे. पैसे घेण्याआधी सांगा की हे पुस्तक स्क्रीन रीडरने वाचता येईल की नाही. किंडलच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात पुस्तकाच्या माहितीत 'स्क्रीन रीडर: सपोर्टेड' अशी ओळ असते. ती वाचून मी ठरवते. मराठी पुस्तकं तिथे 2016 च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळू लागली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी रात्री अकरा वाजता कुणालाही न विचारता एक कादंबरी विकत घेतली होती आणि पहाटेपर्यंत वाचत बसले होते. पण सगळी मराठी पुस्तकं तिथे नाहीत, आणि दिवाळी अंक, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, संशोधनाची पुस्तकं जिथे मिळतात तिथे ही ओळ नाही. अंकाच्या दुकानाला मी मेल लिहिली. उत्तर आलं की डिजिटल खरेदीचे पैसे परत होत नाहीत. घेण्याआधी कळायची सोय नाही आणि घेतल्यावर परत करायची सोय नाही. दीडशे रुपयांसाठी मी भांडत नाही. दुकानात गेलेल्या माणसाला निदान पुस्तक उघडून बघता येतं, तेवढंच मागते आहे.

"ऑडिओबुक ऐक की," असं प्रेमाने सांगणारे खूप आहेत. ऐकते. पण मराठीत जेवढी पुस्तकं छापली जातात त्यातली किती कुणी आवाजात रेकॉर्ड करणार? शिवाय ऐकणं आणि वाचणं माझ्यासाठी एक नाही. वाचताना मी एका शब्दावर थांबते, तो अक्षर-अक्षर करून बघते, ऱ्हस्व की दीर्घ ते तपासते, मागचा परिच्छेद पुन्हा वाचते. बाईंची ती ओवी मला अशीच वाचायची होती.

आणि एक गोष्ट आहे जी मी आजवर लिहिली नव्हती. शाळा-कॉलेजात मी जे वाचलं ते कुणीतरी वाचून दाखवलेलं: आई, मैत्रिणी, स्वयंसेवक. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून वाचायचं तर पुस्तकही दुसऱ्याला चालेल असंच निवडावं लागतं. चाळिशीनंतर मला माझ्या शरीरात होणाऱ्या बदलांबद्दल वाचायचं होतं. ते पुस्तक मी कुणाला वाचायला सांगणार होते? पुतण्याला? ते मी ई-पुस्तक म्हणून घेतलं, इअरफोन लावून वाचलं, घरात कुणाला कळलं नाही. एवढा साधा खासगीपणा तुम्हा सगळ्यांना पुस्तकाच्या दुकानात फुकट मिळतो.

'सुगम्य पुस्तकालय', म्हणजे आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, आहे ना, असंही विचारतात. आहे, आणि मोलाचं आहे. 2016 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, मी सभासद आहे. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीमुळे आमच्यासाठी वाचता येईल अशी प्रत करणं गुन्हा राहिला नाही, आणि त्याच विषयावरच्या माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. कायद्याच्या आधारावर मीही छापील पुस्तकं स्कॅन करून ओसीआर केली आहेत, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरकडून ओळखून मजकूर करून घेतला आहे. तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे दीडशे वेळा झाकण उघडायचं, आणि मग मजकुरात घ चा ध, भ चा म झालेला निस्तरत बसायचं. पण ग्रंथालयात पुस्तक यायला वेळ लागतो, आणि मला लेखकाला पैसे द्यायचे आहेत. मी कमावते. बाईंच्या अंकाचे पैसे मी आनंदाने दिले होते.

प्रकाशकांची भीती मला कळते. मजकूर मोकळा ठेवला तर चोरी होईल, म्हणून पानांचे फोटो. पण किंडलची बहुतेक पुस्तकं कुलूपबंद असतात आणि तरी टॉकबॅक ती वाचतो. ही भीती जुनीच आहे. 2009 मध्ये किंडल मोठ्याने वाचायला लागलं तेव्हा अमेरिकेत ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली, कंपनीने ती सोय बंद करायचा अधिकार प्रकाशकांना दिला आणि अंध वाचकांना न्यूयॉर्कमध्ये गिल्डच्या दारात निदर्शनं करावी लागली. आज युरोपीय संघात 28 जून 2025 पासून ई-पुस्तकं आमच्यासारख्यांना वाचता येतील अशी असणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. 2011 च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले पन्नास लाखांहून जास्त लोक मोजले गेले होते. त्यात मराठी वाचणारे आहेत, पगार घेणारे आहेत, पुस्तकांवर खर्च करणारे आहेत.

इथे माझ्या यादीत लेखक आहेत, दोन-तीन प्रकाशक आहेत, अक्षरजुळणी करणारेही आहेत. तुमच्या पुस्तकाची जी फाइल विक्रीला आहे ती आज उघडा. त्यातली एक ओळ निवडून कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा. ओळ निवडताच आली नाही, तर ते पान म्हणजे फोटो आहे. निवडता आली पण तिकडे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर फॉन्ट जुना आहे. तो युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. तिकडे शुद्ध मराठी उमटलं, तर खाली पुस्तकाचं नाव लिहा. मी विकत घेईन.

बाईंची फाइल मी कन्व्हर्टरमधून काढली आहे. जोडाक्षरं अजून बिघडलेली आहेत, रविवारी बसून दुरुस्त करणार आहे. ती ओवी तेवढी आधी नीट करून घेतली.