‘दलाल’ म्हणालात, म्हणून हे उत्तर

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) यांचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा, मुदतीत बदला, या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही लिहिलंत: “कव्हर उघडून बघितलं, बेल्टला एकही तडा नाही. गाडी नऊ वर्षांत फक्त ३८ हजार चालली आहे. तरी बदला म्हणणारे तुमच्यासारखे लोक म्हणजे वर्कशॉपचे दलाल. गाडीतलं ओ की ठो कळत नाही आणि लोकांना घाबरवायचं.” पुढे स्विफ्ट, वॉटर पंप आणि मजुरीबद्दलही बरंच काही आहे.

आधी चूक कबूल करतो. टायमिंग बेल्ट असतो असं सांगताना लेखात ‘प्रत्येक गाडीत’ असा शब्द गेला होता, तो चुकीचा आहे. स्विफ्टच्या १.३ डिझेल इंजिनाला बेल्ट नसून चेन आहे, हे तुमचं बरोबर. वाक्य दुरुस्त केलं आहे.

पण दलाल? इतकी वर्षं लिहितोय, एकाही गॅरेजची जाहिरात घेतलेली नाही. माझे वडील मिरजेत गॅरेज चालवायचे. शाळेच्या सुट्टीत मी तिथे रॉकेलच्या ताटलीत नटबोल्ट धुतले आहेत. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय बिल करायचं नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. त्यांच्या मुलाला तुम्ही नाव न लावता, रात्री पावणेबारा वाजता दलाल म्हणता. मतभेद जरूर असावेत, पण समोर बसून हा शब्द तोंडातून निघाला असता का?

आता ‘ओ की ठो’. मे २०१६. पुण्याहून गावी निघालो होतो, शेजारी वडील, मागे बायको आणि मुलगी. खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन एकदम गप्प झालं. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ब्रेकचं पेडल दोनदा दाबल्यावर कडक. मागून ट्रक येत होते. कशीबशी कडेला घेतली. पुन्हा स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर फिरलं आणि पेटलं नाही. वडील म्हणाले, “आता स्टार्टर मारू नकोस. बेल्ट गेला.” साताऱ्याला गाडी ओढत नेली. हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवल्यावर मेकॅनिकने वाकलेले व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. आठ होते. बेल्टचे दात वीतभर लांबीत साफ उडाले होते, आणि बाकीच्या बेल्टला तुमच्या बेल्टसारखाच एकही तडा नव्हता. गाडी नऊ वर्षांची, चाललेली ५४ हजार. मुदत किलोमीटरची भरली नव्हती, वर्षांची केव्हाच भरली होती. वडिलांनी आदल्या दिवाळीत सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. बिल ४६ हजार आलं. घाबरवतो म्हणता ना? हो, मी घाबरलो होतो.

तडे दिसत नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा हिशेब जुन्या रबराचा. आताच्या बेल्टचं रबर वेगळं असतं, आत काचतंतूंचे दोर असतात. वरून काळा कुळकुळीत दिसणारा बेल्टही दातांच्या मुळाशी थकलेला असू शकतो. त्यात तेल गळून बेल्टवर येत असेल तर आणखी लवकर. रबर उष्णतेने आणि वयाने कडक होतं, त्यामुळे गाडी उभी ठेवून त्याचं वय थांबत नाही. क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांना कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी, हा मेळ तो बेल्ट राखतो. मेळ सुटला की बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेलमध्ये तर जागाच फार थोडी असते. हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही, हे मी तुम्हाला परत सांगायला नको.

वॉटर पंप, मजुरी वगैरेत मी शिरत नाही. ज्या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो तिथे तो सोबत बदलतात, हे लेखात आहे. लेख पूर्ण वाचला असतात तर तो अर्धा परिच्छेद तुम्हाला लिहावाच लागला नसता.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये देखभालीचा तक्ता उघडा. टायमिंग बेल्टच्या ओळीत किलोमीटरच्या जोडीला वर्षांचा किंवा महिन्यांचा आकडा आहे का बघा, आणि तो इथे लिहा. तो भरून गेला असेल तर घाटात जाण्याआधी बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट दाखवणारी चकती म्हणजे आयडलर, तिन्ही बदलून घ्या, हवं तर तुमच्या ओळखीच्याच मेकॅनिककडून. आणि तो एक शब्द मागे घ्या.