एक माळ आणि वर बहात्तर मणी

रविवारी सकाळी साडेसातला आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप पोह्यांच्या ठेल्यासमोर उभा असतो. घामानं निथळणारे टी-शर्ट, हातात कागदी बशी, पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावन मसाला आणि शेजारी गरम जिलबी. पंधरा-सोळा किलोमीटर पळून आलेल्या माणसाचा जिलबीवर हक्कच असतो, निदान इंदुरात तरी. गेले पाच महिने मी तिथे स्कूटरवरून जाते. कोरडी, इस्त्रीच्या कुर्त्यात. आणि जिलबी उचलताना चोरासारखी इकडेतिकडे बघते.

दर रविवारी प्रश्न ठरलेला. "दीदी, कब से शुरू?" किंवा मग, "वहिनी, अजून नाही का बरा पाय?" उत्तर द्यायचा कंटाळा आला म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकते. लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावं. मी सध्या कुठेच जात नाहीये.

डिसेंबरात डाव्या टाचेच्या मागची जाड दोरी दुखायला लागली. अकिलीस टेंडन, मराठीत कंडरा. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी, शरीरातली सगळ्यात जाड आणि दणकट कंडरा हीच. ग्रीकांचा अकिलीस टाचेत बाण लागून मेला, आपला श्रीकृष्णही व्याधाचा बाण तळपायाला लागून गेला. एवढ्या मोठ्या लोकांचं जिथे चाललं नाही तिथे राजेंद्रनगरच्या बँकवालीचं काय. कारणही साधंच. फेब्रुवारीतल्या हाफ मॅरेथॉनसाठी तीन आठवड्यांत किलोमीटर जवळपास दुप्पट केले, वर शनिवारी रालामंडलची टेकडी चढायला सुरुवात केली. होळकर शिकारीला जायचे त्या टेकडीवर माझीच शिकार झाली. चढावर सगळा भार पोटरी आणि टाचेवर येतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण ते इतरांच्या टाचेबद्दल आहे असं वाटायचं.

सुरुवातीला सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं तेवढी आखडायची. मग चालता-पळता मोकळं व्हायचं. हाच तर या दुखण्याचा कावा. पळताना ते गायब होतं आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना व्याजासकट परत येतं.

आता मुद्द्यावर येते. पाय दुखावला की आपल्याकडे सल्ला देणाऱ्यांचे दोनच पंथ असतात. पहिला पंथ म्हणतो, सोडा आता. यात सासूबाई, अर्धं माहेर, बँकेतले सगळे पुरुष सहकारी आणि एक डॉक्टर येतात. त्या डॉक्टरांनी टाच न दाबताच दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "सेहेचाळीस वय तुमचं, पळायची गरज काय? दोन महिने पूर्ण आराम." दुसरा पंथ म्हणतो, रेटा. हे सगळे पळणारे. "दर्द तो दिमाग में होता है." "मी तर घोटा सुजलेला असताना फुल केली." यांच्यात ज्याला जास्त दुखतं तो जास्त शूर, आणि मीही तीन वर्षं त्यांच्याच टाळ्या वाजवत होते.

दोन्ही पंथ एकमेकांना हसतात, पण मला विचाराल तर दोघांचा आळस एकच आहे. पडून राहायला डोकं लागत नाही, रेटायलाही लागत नाही. रोज थोडं, मोजून, कंटाळवाणं काम करायचं आणि उद्या सकाळी पाय काय म्हणतो ते ऐकून परवाचं ठरवायचं, हा तिसरा रस्ता कुणी सांगतच नाही. कारण त्यात टाळ्याही नाहीत आणि सहानुभूतीही नाही.

मला तो सांगितला एका फिजिओनं. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. पहिल्याच दिवशी तिनं मला आंटी म्हटलं, तेही मी पोटात घातलं. तिनं दोन बोटांनी कंडरा चिमटीत धरली, मी ओरडले आणि ती खूश झाली. दुखणं हाडाच्या वर चार बोटांवर होतं, म्हणजे मधल्या भागात. मग म्हणाली, "हे सूज उतरायची वाट बघायचं प्रकरण नाही. कंडरेचे तंतू विस्कटलेत. त्यांना काम दिलं नाही तर ते नीट होणार नाहीत, आणि जास्त दिलं तर अजून विस्कटतील."

काम म्हणजे हे: जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही टाचा उचलायच्या, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची. वर येताना चांगल्या पायाचा आधार. पंधरा वेळा, असे तीन सेट गुडघा ताठ ठेवून, तीन सेट गुडघा किंचित वाकवून. सकाळी आणि संध्याकाळी, आठवड्याचे सातही दिवस, बारा आठवडे. हिशेब केलात? रोजचे एकशे ऐंशी. (ज्यांचं दुखणं अगदी टाचेच्या हाडाला चिकटून आहे त्यांनी मात्र टाच पायरीखाली न्यायची नसते, सपाट जमिनीवरच करायचं. त्यामुळे माझं वाचून जिन्याकडे धावू नका, आधी कुणाला तरी दाखवा.)

या व्यायामाची जन्मकथा मला इतकी आवडते की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हाकान आल्फ्रेडसन नावाचे स्वीडनचे हाडांचे डॉक्टर. स्वतः पळणारे, स्वतःचीच कंडरा दुखावलेली. वरिष्ठांना म्हणाले, माझं ऑपरेशन करा. वरिष्ठ म्हणाले, एवढ्यासाठी तुम्हाला आठवडेच्या आठवडे रजा कोण देणार? आल्फ्रेडसन चिडले. ठरवलं, आता ही कंडरा इतकी दुखवतो की ऑपरेशन करावंच लागेल. म्हणून पायरीवर टाचा खाली सोडायला लागले, दुखत असतानाही, रोज. कंडरा तुटायची राहिली बाजूला, बरीच झाली. मग 1998 मध्ये त्यांनी पंधरा हौशी पळणाऱ्यांवर हा बारा आठवड्यांचा प्रयोग छापला आणि ते सगळे पुन्हा पळायला लागले. रजा नाकारल्यामुळे असंही कुणाचं भलं झालंय, हे मी आमच्या मॅनेजरसाहेबांना अजून सांगितलेलं नाही.

एकशे ऐंशी मोजताना माझा गोंधळ व्हायचा. बँकेत वीस वर्षं नोटा मोजतेय, पण टाचा मोजताना बावीसनंतर मन कुकरच्या शिट्ट्यांकडे जायचं. शेवटी सासूबाईंच्या देव्हाऱ्यातली तुळशीची माळ घेतली. एकशे आठ मणी. एक माळ आणि वर बहात्तर, की दिवस संपला. तिसऱ्या दिवशी आईंनी जिन्यात पकडलं. "अगं, टाचा उचलून कसला जप करतेस?" मी म्हटलं, "पायाचा." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी जिन्याचा दिवा त्याच लावून ठेवायला लागल्या.

पाचव्या आठवड्यात मी खोटं बोलले. आता लपवण्यात अर्थ नाही. पाय बरा वाटत होता, फोनवर सगळ्यांचे लाँग रन दिसत होते, आणि फेब्रुवारीतली पहाट इंदुरात कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. घरात सांगितलं दूध आणायला जाते. रेसिडेन्सीच्या झाडांखालून तीन किलोमीटर पळाले, फार हळू नाही, आणि पळताना जरासुद्धा दुखलं नाही. इतका आनंद झाला की दूध आणायचंच विसरले. दारात नवऱ्यानं रिकामी पिशवी बघितली, मग बूट बघितले, आणि न बोलता चहा कोरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी उतरले. ज्या पायऱ्यांवर व्यायाम करायचा त्याच.

फिजिओ रागावली नाही, म्हणून जास्त लाज वाटली. तिनं वही घ्यायला लावली. रोज उठल्यावर पहिल्या दहा पावलांना शून्य ते दहा आकडा द्यायचा. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण उद्या सकाळी ते आदल्या सकाळच्या आकड्यावर उतरलेलं पाहिजे, आणि आठवड्यागणिक चढता कामा नये. ही मोजपट्टीही स्वीडनचीच. गोटेबर्गच्या संशोधकांनी 2007 मध्ये अडतीस रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे पळणं बंद, दुसऱ्याला ही मोजपट्टी हातात देऊन पळायची मुभा. व्यायाम दोघांनाही सारखाच. वर्षभरानं दोन्ही गट सुधारलेले, आणि पळणाऱ्यांचं काही बिघडलेलं नाही. म्हणजे पळणं हा गुन्हा नव्हता. माझा गुन्हा आकडा न बघता पळण्याचा होता. त्या दिवसापासून रोज सकाळी ओपनिंग बॅलन्स लिहिते. चोरून पळालेल्या दिवसानंतरचा आकडा आहे सात.

लोक म्हणतात, तू फार धीरानं घेतलंस. अजिबात नाही. मी चिडचिडी झाले होते, मुलावर ओरडत होते, ग्रुपचे फोटो म्यूट केले होते, एका मैत्रिणीच्या पहिल्या हाफला तिचं अभिनंदन करायला चार दिवस लावले. धीर आतून आला नाही. वहीत आकडे लिहून लिहून जेवढा जमला तेवढाच.

एक गोष्ट मात्र मला खरंच शांत करून गेली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये अकिलीस कंडरेचं वय काढलं, तेही अणुबॉम्बवरून. 1955 ते 1963 या काळात बॉम्बचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो त्या वेळी वाढणाऱ्या प्रत्येक शरीरात शिरला. स्नायूंतून तो पुढे निघून गेला, पण कंडरेच्या गाभ्यात तसाच राहिला. म्हणजे हा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. माझ्या टाचेमागची दोरी आतून मी बारावीत होते तेव्हाची आहे. पळताना तिच्यावर वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो, म्हणजे माझ्या बासष्ट किलोंवर चारशे-पाचशे किलो. अशा वस्तूला "दोन आठवड्यांत बरी हो" म्हणणं किती उर्मट होतं ते तेव्हा कळलं.

आणि "पूर्ण आराम" सांगणाऱ्यांसाठी डॅलसचा किस्सा. 1966 साली विशीच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीन आठवड्यांच्या अंथरुणानं जेवढं नेलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानंही नेलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांना हे पाठवावं असं दोनदा मनात आलं. मग म्हटलं, जाऊ दे.

म्हणून बाकीच्या शरीराला मी आराम दिला नाही. मुलाची जुनी सायकल काढली. पेडलवर चवड्याऐवजी पायाचा मधला भाग ठेवला की पोटरीला कमी ओढ बसते. एप्रिलपासून महू नाक्याचा तरणपुष्कर. कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पळायचं, पाय तळाला लागू द्यायचे नाहीत. दिसायला भयंकर प्रकार. बायकांच्या बॅचमधल्या एका काकूंनी तिसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "काय हो, अजून पोहता येत नाही का?" म्हटलं, "येतं की. मी पळतेय." त्या लगेच दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या. (पाण्यात त्याच मेहनतीला नाडीचे ठोके दहा-पंधरानं कमी दिसतात, त्यामुळे घड्याळ बघून निराश होऊ नका.)

मधेच एक धोक्याची गोष्ट. मार्चमध्ये पोट बिघडलं म्हणून मी केमिस्टकडून नेहमीची सिप्रोफ्लॉक्सासिन आणायला निघाले होते. फिजिओचा सहज फोन आला म्हणून वाचले. या जातीच्या अँटिबायोटिकनं कंडरा, त्यातही अकिलीस, तुटायचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2008 पासून त्यावर काळ्या चौकटीतला इशारा लावलाय. आपण हे औषध जुलाबाला चण्या-फुटाण्यासारखं खातो. टाच दुखत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

बाराव्या आठवड्यापर्यंत पाठीवर मुलाचं दप्तर होतं आणि दप्तरात शरबती गव्हाच्या पिठाची पाच किलोची पिशवी. आकडा दोनवर आला. चौदाव्या आठवड्यात परवानगी मिळाली: एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा, आणि एक दिवसाआड. रोज नाही, कारण भार पडल्यावर पहिला दीड दिवस कंडरेत मोडतोडच जास्त होते, भरणी त्यानंतर होते. पिपल्यापाल्याच्या तळ्याकाठी मी एक मिनिट पळून थांबते तेव्हा निवृत्त आजोबा मला ओलांडून पुढे जातात. एकानं तर थांबून विचारलं, "बेटा, पानी दूँ?"

आज अठरावा आठवडा. सकाळचा आकडा एक. काल चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, सगळं मिळून साडेतीन किलोमीटर. रविवारी पोह्यांना स्कूटरवरूनच येणार आहे, जिलबीही घेणार आहे, आणि कब से शुरू विचाराल तर वही दाखवीन.

पायरीवरचं काम चालूच आहे, आता आठवड्यातून तीनदा, पिठाच्या दोन पिशव्या घेऊन. माळ अजून माझ्याकडेच आहे. आईंनी परवा नवी मागवली, राजवाड्यापाशी मिळते तीच, तुळशीची. म्हणाल्या, जुनी आता जिन्यातच राहू दे, खिळ्याला.