टेकडीवरचा वळू आणि रिंगणातला वळू

नमस्कार. स्पेनच्या महामार्गांलगत उभ्या असलेल्या काळ्या पत्र्याच्या बैलावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तो बैल नव्हे, वळू आहे. दारूच्या जाहिरातीला मी संस्कृती म्हटलं. आणि वळूझुंजींच्या रिंगणात मारल्या जाणाऱ्या जनावरांबद्दल अवाक्षर काढलं नाही, असे तुमचे तीन आक्षेप.

पहिला पूर्ण मान्य. औताला जुंपतात तो खच्ची केलेला बैल. स्पॅनिशमध्येही त्याला ‘ब्वेई’ असा वेगळा शब्द आहे. टेकडीवर उभा आहे तो ‘तोरो’, आणि मान्वेल प्रिएतो यांनी काढलेल्या आकृतीत त्याबद्दल शंकेला जागाच नाही. शीर्षक बदललं आहे.

जाहिरातीचं मात्र असं, की सुरुवात दारूपासून झाली हे मी कुठेच लपवलेलं नाही. कादिझ प्रांतातल्या एल प्वेर्तो दे सांता मारिया गावच्या ओसबोर्न कंपनीला वेतेरानो ब्रँडीसाठी रस्त्याकडेला लावायचा फलक हवा होता. त्याच गावच्या प्रिएतोंनी 1956 साली ही आकृती काढली. पुढच्या वर्षी माद्रिद-बुर्गोस रस्त्यावर काबानियास दे ला सिएराजवळ पहिला वळू उभा राहिला. तो लाकडी होता, 4 मीटर उंच. उन्हापावसात लाकूड टिकेना म्हणून पत्रा आला. फलक रस्त्यापासून दूर हवेत असा नियम झाला, तेव्हा लांबून दिसावा म्हणून वळू 14 मीटरचा झाला. इथवर हा निव्वळ धंदा होता.

पण 1988च्या कायद्याने गावाबाहेरच्या रस्त्यांलगत जाहिरातींना बंदी घातली. कंपनीने अक्षरं पुसली, वळू ठेवला. 1994मध्ये तोही काढायचं ठरलं, आणि तेव्हा लोकच आडवे आले. अखेर डिसेंबर 1997मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वळू मूळच्या जाहिरातीपलीकडे जाऊन भूदृश्याचा भाग झाला आहे, त्याला राहू द्यावं. आज असे 90च्या आसपास वळू उभे आहेत. ज्या फलकावर विकायच्या मालाचं नावही उरलं नाही, त्याच्यासाठी लोक भांडले. याला संस्कृती म्हणायचं नाही तर कशाला?

तिसरा आक्षेप मला खरोखर लागला. रिंगणात काय होतं ते लिहायला हवं होतं, तर आता लिहितो. घोड्यावरचा पिकादोर वळूच्या मानेमागच्या उंचवट्यात भाला खुपसतो. त्याने मानेचे स्नायू दुबळे होतात, डोकं खाली येतं. मग काटेरी काठ्या टोचतात. शेवटी वळूला मारणारा मातादोर तलवार चालवतो ती या खाली आलेल्या डोक्यावरून, खांद्यांच्या मधोमध. ही क्रूरता आहे. परंपरा म्हणून तिची तरफदारी मी करणार नाही.

आता पुन्हा टेकडीकडे बघा. सेव्हियाहून कादिझकडे जाताना बसमधून तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा माझ्या डोळ्यांत भरली ती त्याची मान. ती ताठ आहे. त्याच्याभोवती माणूस नाही, लाल कापड नाही, रक्त नाही. भाला लागण्याआधीचं जनावर आहे ते. झुंजी बंद व्हाव्यात असं वाटणाऱ्यालाही हा वळू आपला वाटू शकतो, कारण तो कुणाकडून हरलेला नाही.

तरी एका बाबतीत तुमचं म्हणणं माझ्या लेखापेक्षा खरं आहे. चिन्ह भाबडं राहत नाही. स्पेनच्या झेंड्यावर राजचिन्हाच्या जागी हाच वळू छापून लोक फुटबॉलच्या सामन्यांना नेतात. ईशान्य स्पेनमधल्या कातालोनिया प्रदेशात अनेकांना त्यात माद्रिदची दांडगाई दिसते. तिथल्या एल ब्रुक गावाजवळचा वळू पुन्हापुन्हा पाडला गेला आणि गाड्यांच्या मागे त्याला उत्तर म्हणून स्थानिक जातीच्या गाढवाचं स्टिकर आलं. त्याच कातालोनियाच्या संसदेने 2010मध्ये झुंजींवर बंदी घातली, ती घटनात्मक न्यायालयाने 2016मध्ये रद्द केली. प्राण्याची कणव आणि प्रदेशाची अस्मिता यांतलं कुठलं कुठे संपतं, हे तिथल्या वादात वेगळं काढणं कठीण आहे. मी मात्र लेखात या सगळ्यावरून नुसता पुढे गेलो होतो.

पिकादोरविषयीचा परिच्छेद आता मूळ लेखात घातला आहे, आणि ‘निष्पाप आकृती’ या शब्दांतला ‘निष्पाप’ काढून टाकला आहे.