मॅडमच्या पर्समधून किती घ्यायचे?

चार दिवस झाले लिहीन लिहीन म्हणतोय, आज लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे पण शिक्षक मंडळींनी आणि विशेषतः संस्थाचालकांनी पूर्ण वाचावी ही विनंती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी शिक्षकांसाठी निकाल तयार करायचं एक छोटं सॉफ्टवेअर चालवतो. सुरुवात ताईमुळे झाली. ताई काटोलकडच्या एका जिल्हा परिषद शाळेवर आहे, दोन शिक्षकी शाळा, पट २७. एप्रिलमध्ये आमच्याकडे आली की कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसायची, एक्सेलची शीट कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली, तीही कृतिदेवमधली, आणि माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नाही म्हणून पोरांच्या नावाच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. त्यात पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभरातल्या कामाचे) गुण ७०, संकलित (सत्राच्या परीक्षेचे) ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, विषयवार श्रेणी, वर प्रत्येक पोराच्या वर्णनात्मक नोंदी. एका पोरीचे भाषेचे मार्क चुकून खालच्या ओळीत गेले आणि तिच्यानंतरच्या सगळ्यांच्या श्रेण्या एकेक घर खाली सरकल्या. ताईला ते रात्री साडेअकराला दिसलं, १ मेला निकाल वाटायचा होता. ती काही बोलली नाही, चष्मा काढून डोळे चोळले आणि पहिल्या ओळीपासून परत भरायला लागली. त्याच रात्री मी कामाला लागलो.

दोन वर्षं फुकट दिलं. मग सर्व्हरचा खर्च वाढला, फोन वाढले, तेव्हा शिक्षकामागे वर्षाला ५०० लावले. का ५००? खरं सांगतो, काही विचार केला नव्हता, मित्रांनी सांगितलं तेवढं लावलं.

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी शहरातल्या एका खासगी शाळेत गेलो होतो, नाव घेत नाही. सवासहाशे पोरं, तीन मजली इमारत. मी पूर्ण शाळेचे वर्षाचे ६,००० सांगितले. तिथले संचालक म्हणाले, "भाऊ, तुम्ही पण नागपूरचेच, शिक्षणाचं काम आहे, याचे काय पैसे घेऊन राहिले जी?" चहा पिऊन परत आलो, विषय संपला असं वाटलं. एप्रिलच्या शेवटी त्याच शाळेतल्या एका मॅडमचा प्रिंट नीट येत नाही म्हणून फोन आला, बोलता बोलता म्हणाल्या, "सर, आम्ही चौदा जणी आहो, सगळ्यांनी आपापले भरले, निकाल यातूनच काढायचा असं वरून सांगितलं." मी यादी काढून बघितली. चौदा गुणिले ५००, म्हणजे ७,०००. जे ६,००० संस्थेला जड झाले त्याच्यापेक्षा जास्त पैसे त्या बायांनी पर्समधून दिले, आणि मी घेतले!! ते मला अजून खटकतंय.

आणि पगार किती असतात ते बघा. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर असलेल्या शिक्षकाला, जानेवारी २०२३ पासून महिन्याला १६,००० मानधन झालं, त्याच्या आधी ६,००० होतं, सहा हजार! विनाअनुदानितमध्ये तर विचारूच नका. ताईचा पगार चांगला आहे, तिला ५०० जड नाही, पण प्रगतीपत्रक हे काय तिचं घरचं काम आहे का? शाळेचं काम आहे, खर्च शाळेचाच पाहिजे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सॉफ्टवेअर कितीचं हे ठरवायच्या आधी पैसे कोणाच्या खिशातून जाऊन राहिले ते बघितलं पाहिजे.

पण "शाळेने द्यावे" म्हणणंही सरसकट बरोबर नाही. ताईच्या शाळेचा पट ३० च्या आत, म्हणजे सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,०००, त्यातले १० टक्के स्वच्छतेवर, उरलेल्या ९,००० मध्ये लाईट बिल, खडू, दुरुस्ती सगळं वर्षभर. तिथे मी दोन-तीन हजार मागणं म्हणजे पोरांच्या तोंडचं काढून घेणं आहे.

काही जण म्हणतात एकदाच पैसे घे, दरवर्षी कशाला. अहो, नियम बदलतात ना. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्या दोन वर्गांचा पूर्ण हिशोबच नव्याने बसवावा लागला, दीड महिना त्यात गेला. आणि एप्रिलमध्ये दिवसाला तीस-चाळीस फोन, त्यासाठी दोन महिने एक पोरगा ठेवतो, त्याला महिन्याला १२,०००. सर्व्हर आणि एसएमएस मिळून वर्षाचे ३१,०००. मागच्या वर्षी ४१० शिक्षकांचे २ लाख ५ हजार आले, खर्च जाऊन दीड लाख उरले, वर्षभराच्या कामाचे. लपवायचं काही नाही. पूर्ण फुकट दिलं तर दोन वर्षांत बंद पडेल आणि शिक्षक परत कृतिदेवच्या शीटवर, नाहीतर जाहिराती दाखवून चालवायचं, आणि पोरांची नावं-जन्मतारखा असलेल्या पानावर मी जाहिरात कधीच लावणार नाही.

एक लॉगिन दोघं-तिघं वापरतात, ते लॉक कर असा सल्लाही खूप जण देतात. नाही करणार. दोन शिक्षकी शाळेत एकाच लॅपटॉपवर काम चालतं, त्याला चोरी कसं म्हणायचं?

तर या जूनपासून (आपल्या विदर्भात शाळा तशाही महिन्याच्या शेवटीच उघडतात) असं राहील. शिक्षकाने स्वतः घेतलं तर वर्षाला २४०. पट ३० पर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेला पूर्ण शाळेचे ३००. खासगी शाळेला पोरामागे १० रुपये, आणि एका खासगी शाळेतून चारपेक्षा जास्त शिक्षक वैयक्तिक घ्यायला लागले तर मी आधी मुख्याध्यापकांना पत्र पाठवणार, शिक्षकांकडून पैसे घेणार नाही. वर्गणी संपली तरी जुने निकाल उघडतील, प्रिंट निघेल, ते कधीच बंद होणार नाही. २४० मध्ये माझं भागत नाही, बारा-पंधरा खासगी शाळांनी भरलं तरच गणित जुळतं, म्हणून संस्थाचालकांनो, तुम्हालाच विचारतोय.

त्या चौदा मॅडमचे ५०० परत केले आहेत, ज्या दोघींचे यूपीआयवर परत गेले नाहीत त्यांनी इनबॉक्सला मेसेज करावा. बाकी ज्यांनी मागच्या वर्षी ५०० भरले त्यांचे जुन्या-नव्या दरातल्या फरकाचे २६० यावर्षीत वळते होतील, म्हणजे यंदा काही भरायचं नाही, वरचे २० माझ्याकडे जमा राहतील.